पाथरटोल्याची घरपाहणी

पाथरटोल्यात आम्ही पोचलो तेव्हा गाव फार भरलेलं होतं, आणि मला शंका आली ती तिथेच.

डोंगरगड मागे पडलं की घाटाच्या पायथ्याशी डांबर संपतं. मग मुरमाचा रस्ता वळणं घेत पठारावर चढतो आणि शेवटी दोन दगडी कुंपणांच्या मधून, एक गाडी जेमतेम मावेल अशा फटीतून गावात शिरतो. अशा गावात धान मळून झाल्यावर जानेवारीच्या रविवारी कोण असतं? म्हातारी असतात, ती उन्हाला बसतात. इथे मात्र प्रत्येक ओट्यावर तरणी माणसं बसली होती. बाया सुपात काहीबाही पाखडत होत्या. पोरं विटीदांडू खेळत होती. आमची गाडी दिसली तशी सगळ्यांनी एकदमच हसायला सुरुवात केली.

"किती भरलेलं गाव आहे, पाह्य आई," माझा मुलगा आनंद म्हणाला. त्यानं गाडी त्या फटीतच उभी केली, कारण पुढे वळवायला जागा नव्हती.

"पाहून राहिली," मी म्हटलं. "हेच पाहून राहिली."

आम्ही भिलाईचे, म्हणजे मूळचे साकोलीकडचे. माझे यजमान केवलराम पोलाद कारखान्यात लागले तेव्हा मी नवी नवरी होते. सेक्टरच्या क्वार्टरमध्ये संसार झाला, आणि ते रिटायर झाल्यावर जामुलच्या रस्त्याला घर बांधलं. ते आता नाहीत. आनंदचं भिलाईतल्याच पावर हाउस भागात विजेच्या सामानाचं दुकान आहे. त्याची मुलगी मोना हथखोजच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. दिवसभर दुसऱ्यांचा माल आत घ्यायचा, दुसऱ्यांचा माल बाहेर पाठवायचा. घरी येते तेव्हा तिच्या पापण्यांवरही धूळ असते.

दुर्गला समाजाचा परिचय मेळावा झाला, तिथे तिला लोमेश भेटला. डोंगरावर राहतो, जनावरं पाळतो, खवा आणि तूप डोंगरगडला विकतो. मुलगा दिसायला बरा, बोलायला गोड. दोघं फोनवर बोलू लागली. आमच्या सुनेनं, चंदानं, डोक्याला हात लावला. भिलाईत वाढलेली पोरगी डोंगरावर द्यायची? मोना म्हणाली, "मम्मी, यहाँ मेरा है क्या? गेट पास?"

मला डोंगराची भीती नव्हती. मला गोड बोलण्याची भीती होती.

आमच्याकडे मुलगी देण्याआधी मुलाचं घर पाहायला जातात. आणि जशी पाहणी जुनी, तशी पाहणीतली बनवाबनवीही जुनी. पाहुणे येणार म्हटलं की शेजारी आपले बैल आणून गोठ्यात बांधायचे. कणगीत खाली कोंडा, वर बोटभर धान. सगळं गाव त्यात सामील असे, कारण उद्या आपल्याही पोराचं लग्न व्हायचं असतं. माझ्या लग्नाच्या वेळी माझा मामा घर पाहून आला आणि आईला म्हणाला, "बाई, गोठा भरला आहे." मी नांदायला गेले. दुसऱ्या संध्याकाळी दावणीचे बैल सोडले, तर आमचे म्हणून सांगितलेले बैल शिंगं हलवत शेजारच्या घरी निघून गेले. एक म्हातारा बैल मात्र राहिला. सासूबाई मला म्हणाल्या, "तो आपला." मी इतकी हसले की त्या आधी रागावल्या आणि मग त्याही हसल्या.

पण मामा संध्याकाळपर्यंत थांबला असता तर? हा प्रश्न मी आयुष्यभर विचारत आले. जनावराला खोटं बोलता येत नाही. संध्याकाळी ते आपल्या घरी जातं.

म्हणून मी आनंदला सांगितलं होतं की मीही येणार. त्यानं शेजारच्या पिल्लै साहेबांची मोठी पांढरी गाडी मागून आणली. आरशाला त्यांच्या देवाची छोटी तसबीर लटकलेली होती. घाटाआधी आनंदनं ती काढून कप्प्यात ठेवली.

"बाबा, ये क्यों?" मोनानं विचारलं.

"राहू दे. कोणी विचारलं तर सांगू."

"अन् नाही विचारलं तर?"

"तर कावून सांगायचं?" आनंद म्हणाला.

लोमेशचं घर गावाच्या मधोमध होतं. त्याची आई कौशल्याबाई पाय धुवायला गरम पाणी घेऊन पुढे आली. बारीक चणीची बाई, हात कामाचे. लाखोरीच्या डाळीचे वडे, तांदळाच्या पिठाचे आयते आणि जाड दूध समोर आलं. चव खरी होती, तिच्यात मला खोट काढता आली नाही. गोठा मागे होता. "जनावरं चरायले गेली," लोमेश म्हणाला, "पण दावणी पाहून घ्या." दावणी खूप होत्या. दोर काही जुने, काही नवे, काही नारळाचे, काही अंबाडीचे. एका घरचे दोर एका हातानं वळलेले असतात. हे मी मनात ठेवलं.

शेजारपाजारचे लोक येऊन बसले. त्यांत दयाराम नावाचा एक हसरा, टकलू माणूस होता, तोच सगळ्यांच्या वतीनं बोलत होता.

"आमचा लोमेश म्हणजे, साहेब, सोनं. गावात एकाले विचारा, नाहीतर दहाले विचारा."

"दहा जणांले एकदमच विचारलं तर एकच उत्तर येईन, असं वाटून राहिलं," मी म्हटलं.

दयाराम जोरात हसला. मोना मात्र हसली नाही. तिनं त्याच्याकडे पाहिलं होतं आणि लगेच मान खाली घातली होती. मला वाटलं, पोरगी लाजली.

मी गाव पाहते म्हणून उठले. एका बाईनं तिच्या घरी चहाला बोलावलं. ओटा नुकताच शेणानं सारवलेला, पण अंगणातली तुळस वाळून काडी झालेली. ती बाई चुलीपाशी गेली आणि काडेपेटी शोधू लागली. एक डबा उघडला, दुसरा उघडला, फळीवर हात फिरवला.

"सापडून नाही राहिली का?" मी विचारलं.

"अवो, पोरं कुठं टाकतात कोण जाणे."

आपल्या स्वयंपाकघरात बाईला अंधारातही काडेपेटी सापडते. "राहू द्या, माहा झाला आहे चहा," असं म्हणून मी बाहेर आले.

मग मला सगळं स्पष्ट दिसू लागलं, म्हणजे मला तसं वाटलं. सगळं गाव लोमेशला मदत करत आहे. दावणी शेजाऱ्यांच्या, जनावरं शेजाऱ्यांची. याच्याकडे असेल एक म्हातारा बैल. आणि आपली मोना, जिनं स्टोअरमधला प्रत्येक खिळा तपासून घेतला, ती डोळे मिटून इथे येणार. मी ठरवलं. संध्याकाळपर्यंत इथून हलायचं नाही.

जेवण झालं. आनंद म्हणाला, "चला, निघू." मी उठले आणि गुडघा धरून परत बसले.

"काय झालं?"

"लचकला. थोडं थांबू."

कौशल्याबाई तेल घेऊन आली. तिनं गुडघा चोळायला घेतला, आणि माझ्या लक्षात आलं की बाईला समजलं आहे. दुखऱ्या गुडघ्याला हात लावला की माणूस आखडतं, मी आखडले नव्हते. पण ती चोळत राहिली.

ऊन उतरू लागलं. गंमत म्हणजे आमच्या थांबण्यानं माझ्या मुलापेक्षा गावच जास्त बेचैन झालं. विटीदांडूची पोरं केव्हाच कंटाळून आईच्या पदराशी आली होती. दयाराम दोनदा येऊन विचारून गेला, "बाईचा गुडघा कसा आहे?" दुसऱ्या वेळी त्याच्या आवाजात काळजी कमी आणि घाई जास्त होती.

"चांगला होऊन राहिला," मी म्हटलं. "तुमाले घाई आहे का?"

"आमाले? आमाले कायची घाई? आमी इथलेच."

मोनानं हे ऐकलं आणि लोमेशकडे पाहिलं. तो अंगणात उभा होता आणि पायानं माती उकरत होता.

जनावरं यायची वेळ झाली तशी मी बाहेर गेले. गावात वाटा फुटतात तिथे एक चिंच होती, तिच्याखाली उभी राहिले. आनंद मागून आला.

"आई, तुहा गुडघा?"

"बरा झाला. चूप उभा राह्य."

आधी घंटा ऐकू आल्या, मग धूळ दिसली, मग शिंगं. गाई, वासरं, बैलजोड्या, दोन म्हशी. आता एक डावीकडे वळेल, एक उजवीकडे, एक त्या निळ्या दाराच्या घरी.

एकही वळलं नाही. सगळी जनावरं सरळ लोमेशच्या गोठ्याकडे गेली.

"पाह्यलंस?" आनंद आनंदानं म्हणाला. "सगळी त्याचीच आहेत. तू उगाच लोकांवर शक घेते. एवढी जनावरं! चल, हो म्हणून टाकू."

माझी जन्मभराची परीक्षा आणि पोरगा पास झाला होता. मी खजील होऊन परत वळणार, तेवढ्यात सगळ्यांत मागची एक कबरी गाय थांबली. निळ्या दाराच्या घरासमोर. तिनं दाराला नाक लावलं, थोडा वेळ तशीच उभी राहिली. कोणी दार उघडलं नाही. मग ती आपली आपण वळली आणि लोमेशच्या गोठ्याकडे चालू लागली.

मी वर पाहिलं. दिवेलागण झाली होती. थंडीच्या दिवसांत या वेळी प्रत्येक कौलावर धूर असायला हवा. पाथरटोल्यात दोन-तीन ठिकाणी धूर होता. बाकी छपरं कोरडी.

जनावरं उसनी नव्हती. माणसं उसनी होती.

मामाला फसवलं तेव्हा बैल निघून गेले, तरी गाव जागेवर होतं. शेजारी होते, मीठ मागायला, विस्तव मागायला. इथे उद्या सकाळी काय राहील? पोरगी कुणाशी बोलेल? ताप आला तर कुणाला हाक मारेल? मी तरातरा लोमेशच्या अंगणात गेले. सगळ्यांसमोर बोलणार होते, त्या गोड तोंडावर बोलणार होते.

अंगणात दयाराम आनंदच्या आधी पोचून उभा होता. हातात पिशवी, गळ्यात मफलर.

"साहेब, तुमची गाडी जराशी मागे घेता का? आमची पिकअप आत अडकली आहे."

"तुम्ही कुठं चालले?" आनंदनं विचारलं.

"जरा खाली." तो थांबला. मागून एक बाई ओरडली, "अवो दयाराम भाऊ, लोकल सुटली का मग बसा इथंच! उद्या जनरल शिफ्ट आहे माही!"

विटीदांडूच्या पोरांतला एक म्हणाला, "मम्मी, घर कब जाएँगे?" आणि त्याच्या आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

मी तोंड उघडलं. मोनानं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. आणि माझ्याआधी तीच बोलली, लोमेशकडे पाहून.

"वो गाडी आमची नाही."

"काय?" लोमेश म्हणाला.

"गाडी. शेजारच्या पिल्लै अंकलची आहे. बाबांनी त्यांचा देव काढून कप्प्यात ठेवला. आमच्याकडे स्कूटर आहे."

आनंदचं तोंड पाहण्यासारखं झालं. "मोना, अगं..."

"आप भी बोलो अब," मोना लोमेशला म्हणाली.

लोमेशनं आईकडे पाहिलं. कौशल्याबाई जमिनीकडे पाहत होती. मग तो बोलला, आणि या वेळी आवाजात साखर नव्हती.

"हे लोक इथलेच आहेत. पण राहत नाहीत. कोणी हथखोजले, कोणी राजनांदगावले, कोणी नागपूरले. मी फोन केला, रविवारी या म्हटलं, गाव भरलेलं दिसलं पाहिजे. जनावरं त्यांची आहेत. जाताना माह्याकडे सोडून गेले. दुधातून त्यांचा वाटा देतो, वासरं त्यांची."

"अन् चुली किती पेटतात इथं?" मी विचारलं.

"तीन."

"मग हे सगळं कावून केलं?"

"आजी, याच्या आधी दोन ठिकाणचे पाहुणे आले होते. ते वाटेतल्या कुलपांकडे पाहून माघारी गेले. चहासुद्धा नाही घेतला."

दयारामनं पिशवी खाली ठेवली. "बाई, मले शिव्या द्या. पोराची अक्कल नव्हती, माही होती. म्या म्हटलं, बैल नेहमीच उसने असतात, यंदा आमी होतो."

"तुमच्या गळ्यात घंटा नव्हती एवढंच," मी म्हटलं. तो हसला, पण बाकी कोणी हसलं नाही.

गाडी काढायला वेळ लागला. आनंदला मागे घेता येईना, दयारामनंच बसून ती काढली. मग पिकअप पुढे आणि आम्ही मागे, असे घाट उतरलो. समोर पिकअपच्या हौद्यात पाथरटोला उभा होता, शाली गुंडाळून, आमच्या दिव्यांच्या उजेडात, आमच्याकडे तोंड करून. कुठे बघावं त्यांना कळत नव्हतं आणि आम्हालाही.

"मला दुपारीच माहीत होतं," मोना म्हणाली. "तो दयाराम आमच्या बाजूच्या फॅक्टरीत लोडिंगले आहे. रोज चहाच्या ठेल्यावर दिसतो. त्यानं मले नाही ओळखलं, स्कार्फ बांधलेला असतो ना."

"मग बोलली कावून नाहीस?"

"लोमेश स्वतःहून सांगतो का, पाहून राहिली होती."

"अन् त्यानं कुठं सांगितलं? तू आधी बोललीस म्हणून बोलला तो. नाहीतर हात हलवून निरोप दिला असता त्यानं आपल्याले."

"हो," मोना म्हणाली. "त्यानं आपणहून सांगितलं असतं का, ते मले पण नाही माहीत. तू तोंड उघडलं होतंस ना, आजी. तुझ्या आधी आमच्यापैकी कोणीतरी बोलायला पाहिजे होतं."

आनंद म्हणाला, विषय संपला. घरी चंदानं खुशीत फक्त नारळ फोडायचा बाकी ठेवला. मोना रोज हथखोजला जात राहिली, आणि फोन वाजला की गच्चीवर जाऊन बोलत राहिली. मी जिन्यात उभी राहून ऐकत असे. खरं ते सांगते. मला शब्द ऐकायचे नव्हते, मागे घंटा वाजतात का ते ऐकायचं होतं.

काही दिवसांनी मी तिला म्हटलं, "तुले तिथं जायचं असेन तर आपण जाऊ. पण कामाच्या दिवशी, न सांगता."

तिनं सुटी काढली. आम्ही पावर हाउस स्टेशनहून लोकल धरली, पुढे जीप, आणि शेवटचा चढ पायी. गुडघा या वेळी खरोखर दुखला.

पाथरटोल्यात ओटे रिकामे होते. सारवणाला भेगा पडल्या होत्या. निळ्या दाराला कुलूप होतं. एक म्हातारा उन्हात बसला होता, त्यानं आम्हाला पाहून हात कपाळाशी नेला आणि कोण म्हणून विचारलंही नाही. कौशल्याबाई अंगणात शेणाच्या गोवऱ्या थापत होती. आम्हाला पाहून तिनं पदर सावरला नाही की धावली नाही.

"आज आल्या होय," ती म्हणाली. "बसा. वडे नाही आहेत आज. पेज आहे."

पेज घेतली. पातळ होती, मीठ जास्त पडलेलं. लोमेश जनावरं घेऊन पठारावर गेला होता, तो दुपार उलटल्यावर आला. आम्हाला पाहून त्याचा चेहरा पडला. दाढी वाढलेली, सदऱ्याला दूध वाळलेलं. मला बरं वाटलं.

मोना गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी राहिली. तिनं सरळ विचारलं. "मी इथं आली तर काय करीन?"

मी कान टवकारले. आता गोड बोलेल. म्हणेल, राणी होशील. म्हणेल, रस्ता होणार आहे, पर्यटक येणार आहेत, लोक परत येणार आहेत.

लोमेशनं डोकं खाजवलं.

"सकाळी शेण काढशील," तो म्हणाला. "मग दूध. मग खव्याची कढई, ती दोघांशिवाय हलत नाही, आता आई थकते. पुढचं मले नाही माहीत. लोक परत येतील का तेही नाही माहीत. पावसाळ्यात रस्ता बंद होते. तवा तू खूप भांडशील."

"हथखोजपेक्षा जास्त?"

"मी हथखोज नाही पाह्यलं."

मोना हसली, मोठ्यानं. रिकाम्या गावात ते फार ऐकू गेलं. उन्हातल्या म्हाताऱ्यानं मान वळवून पाहिलं.

लग्न वैशाखात आहे. आनंदनं पिल्लै साहेबांकडे पुन्हा गाडी मागितली, तेव्हा मोनानं अट घातली की आरशाला देव लटकलेलाच राहील. दयारामनं निरोप पाठवला आहे की सगळा टोला वरातीत येणार, सुटी मिळो न मिळो. चंदा म्हणते, एवढी माणसं खरंच येतील का? मी म्हटलं, ताटं जास्तच मांड, पण मी दारात उभी राहून पाहीन.

आम्ही न सांगता गेलो त्या दिवशी संध्याकाळी जनावरं आली तेव्हा कबरी पुन्हा निळ्या दाराशी थांबली. लोमेश पुढे जाणार, तर मोनानं त्याला हातानं थांबवलं. गाईनं दाराला नाक लावलं, वाट पाहिली, आणि वळली. मोना तिच्या मागोमाग गोठ्यात गेली आणि विचारू लागली, "हिचा दोर कोणता?"